व्याही आले पहाटेले

प्रिय अंकू,

अक्षर तुझ्या आईचं आणि बोलणं माझं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं काही वाकडं निघालं तर कोणाला बोलायचं ते तुला कळेल. मी सांगते आपल्या बोलीत आणि ही लिहिते शाळेतल्या मराठीत. मी म्हटलं ‘मले’, तर हिनं लिहिलं ‘मला’. दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. दहावी पास सून आणली म्हणून मीच तेव्हा गावभर मिरवलं होतं, आता कोणाजवळ रडू? ओसरीत बसलो आहोत. माझ्या पुढ्यात मेथी आहे निवडायला, आणि कागदाखाली ठेवायला तिनं तुझी जुनी पाटी शोधून आणली आहे. तुझा बाप पहाटेच फुलकोबी घेऊन वर्ध्याच्या बाजाराला गेला, तो दिवेलागणीशिवाय येत नाही. त्याच्या माघारी हे चाललं आहे, तेही सांगून ठेवते.

घरात फोन असताना ही बुढी पत्र काऊन पाठवते, असं तू म्हणशील. फोनवर तुझा बाप माझ्या खांद्याशी उभा राहतो आणि मला विचारलेल्याची उत्तरं तोच देतो. तू विचारतेस, आजी जेवलीस का, तो म्हणतो जेवली. तू विचारतेस, आजी झोप लागते का, तो म्हणतो लागते. मला माझीच खुशाली दोघांच्या बोलण्यातून कळते. आणि इतके दिवस तर मी फोनवर आलेच नाही. आजीचा कान दुखतो, असं त्यानं तुला सांगितलं. कान ठणठणीत आहे. काऊन आले नाही तेही सांगते, पण माझ्या क्रमानं सांगू दे. फोनवर माणूस अर्ध्यातच बोलायला लागते, कागदाला मधातच तोंड घालता येत नाही. तुझा पत्ता तू आमच्या म्हाताऱ्यासाठी, तुझ्या आबाजीसाठी गोळ्या पाठवल्या होत्या त्या खोक्यावर सापडला. तुझी आई ती इंग्रजी अक्षरं रांगोळीसारखी पाहून पाहून काढणार आहे, आणि शनिवारी डोळे दाखवायच्या निमित्तानं एसटीनं वर्ध्याला जाऊन कुरिअरवाल्याकडे टाकणार आहे. तिचेही डोळे ठणठणीत आहेत. आपल्या घरात सध्या सगळ्यांनाच न झालेली दुखणी झाली आहेत.

मुद्दा आधी सांगते. तुझ्या बापानं सांगितलं की तू कबूल झालीस. इंटरनेटवरचं गाणं काढून टाकते, मग सुट्टी घेऊन फाल्गुनात येते आणि आबाजीला पाहून जाते. गाणं काढल्याशिवाय यायची सोय नाही, कारण एकदा तुझ्या नोकरीच्या त्या देशातून बाहेर पडलं की परत जायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, आणि शिक्का मारणारा साहेब आधी तुझ्या नावावर इंटरनेटमध्ये काय काय आहे ते पाहतो. हे तुझ्या आईनं मला पुष्कळ समजावलं. मला समजलं ते एवढंच, की घरी यायचं तर तोंड पुसून यायचं. तर अंकू, हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत गाणं पुसू नको आणि तिकीटही काढू नको. एवढं माझं ऐक. मग तुला वाटेल ते कर.

आणि पुसायचंच होतं तर मला विचारायला पाहिजे होतं. गाणं तुझं असं सगळे म्हणतात, पण चाल माझी आहे आणि साचाही माझाच. कवडूकाकाच्या रुचिकाचं लग्न आठव. वरात दाराशी आली आणि आम्ही साऱ्या बाया वाट अडवून उभ्या झालो. मी पुढं, कारण गळा फाटका असला तरी शब्द माझ्याकडेच असतात. व्याही समुद्रपूरकडचे, निवृत्त तलाठी, आणि मिशी अशी की मांडवाच्या बल्लीला गुंडाळली असती. मी काढलं:

व्याही आले दाराशी, मिशीले ताव,
पुसा बाई पुसा यांले, कोणतं यांचं गाव?

मागच्या बायांनी उचललं. व्याह्यानं फेटा सावरून गाव सांगितलं, तर आम्ही म्हटलं असं गाव आम्ही कधी ऐकलंच नाही. बापाचं नाव सांगितलं, आजाचं सांगितलं, आम्ही म्हटलं खरं कशावरून. जन्मभर लोकांना सातबारा विचारत आलेला माणूस, घाम पुसत हसत उभा. रुसला तो हरला, आणि हरला तो उन्हात उभा, हे त्यालाही माहीत होतं. मग मी त्याच्या ताटावर आले आणि ताटावरून मिशीवर:

व्याह्याच्या पानात वाढा मिरचीचा ठेचा,
खाटेले बांधा याले, मिशी मिशी वेचा.

तुझी आई इथं मान खाली घालून हसते आहे. तिच्या लग्नात तिच्या माहेरच्या, जाम गावच्या बायांनी माझ्यावर काय काय म्हटलं ते मी आता सांगितलं, पण ही लिहायला तयार नाही. तिचा बाप जामच्या चौकात भजी तळायचा, तर त्यांची सारी गाणी तेलातली होती, एवढं लिही म्हटलं. असो. तू त्या दिवशी फोन धरून माझ्या समोर उभी होतीस आणि ऐन शेवटाला तुझ्या फोनमधली जागा संपली. तू तशीच पंगतीला पळालीस. त्या गाण्याचं शेवटचं कडवं तुझ्याकडे गेलंच नाही, आणि गेलं नाही हेही तुझ्या ध्यानात आलं नाही. तुला वाटलं गाणं मिशीवरच संपते. त्या कडव्याकडे मी नंतर येते.

मग तुझी ती रोसाबाई. तिचं नाव काही लांबलचक आहे, मी रोसाबाई म्हणते. तुझ्या इमारतीच्या कोपऱ्यावर तिची भाजीची गाडी, मक्याची कणसं, मिरच्या, सांभार, शाळेतल्या मराठीत कोथिंबीर. सांभाराची जुडी तिथं केवढ्याला जाते हे तू सांगितलंस तेव्हा आबाजी म्हणाले होते, मंग मीच येतो तिथं गाडी लावाले. तिला तुझी भाषा येत नाही, तुला तिची नाही. तू तिखट मिरची मागितलीस की ती हात हलवून म्हणायची, तुला सोसायची नाही. एक दिवस तू तिच्यासमोर कच्चीच चावून खाल्लीस, तेव्हापासून तुला वरून सांभार फुकट. हे ऐकलं आणि मला ती बाई आपल्या लायनीतली वाटली. मग एका पहाटे परक्यांचे कागद पुसणारी सरकारी माणसं आली, तोंडाला फडकी बांधलेली. गाडी जाग्यावर, बाई नाही. कणसं दिवसभर तशीच पडून होती, कोणी हात लावला नाही, असं तू सांगितलंस. मी विचारलं, कणसं कोणी झाकली का? तू म्हणालीस, आजी, तुला कणसांचं पडलं आहे. तसं नव्हतं बाई. बाजारात बसणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार, दुकान उघडं टाकून कोणी सुखानं जात नाही, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

त्यावर तू ते गाणं केलंस. मला पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा मी काही बोलले नाही, तुला वाटलं मला आवडलं नाही. आता सांगते.

व्याही आले पहाटेले, तोंडाले फडकं,
वाजा नाही, गाजा नाही, दारालेच धडक.

हे बरं आहे. ‘धडक’ थोडं ओढून बसवलं आहे, पण धावत्या गाण्यात चालून जाते. पुढचं मात्र मला जन्मात सुचलं नसतं:

आमचं गाव पुसता व्याही, तुमचं पुसलं कोणी?
तुमचे आजे आले तेव्हा कोणी पाजलं पाणी?

तू समजावलंस की तिथले हे पुसणारेही कधीतरी जहाजात बसून बाहेरूनच आले, आणि पहिल्या थंडीत तिथल्या आधीच्या लोकांनी त्यांना खाऊ-पिऊ घातलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पण न समजावताही कडवं कळलं होतं, म्हणून म्हणते की ते चांगलं आहे. साऱ्या बाया मागून उचलतील असं आहे.

तिथं थंडीत चौकात उभी राहून तू ते म्हटलंस, चार लोकांनी फोनमध्ये घेतलं, कोणी त्याचं इंग्रजी करून खाली लावलं. आणि तू गमतीत माझं मिशीचं जुनं कडवं शेवटाला जोडलं होतंस. इंग्रजीत ते असं झालं म्हणे, की ही बाई लोकांना सांगते, सरकारी माणसाला खाटेला बांधा आणि त्याचे केस उपटा. कोणी तक्रार केली. तुझ्या कामाच्या ठिकाणी तुला बोलावलं, टेबलापलीकडे कोट घातलेले लोक बसले आणि त्यातल्या एकानं विचारलं, खाट कोणाची? मी हे ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एवढा मोठा देश, विमानं काय, रणगाडे काय, आणि आपल्या आंजी गावच्या म्हातारीनं मिशीला हात घालते म्हटलं तर दचकला. तुझा बाप हसला नाही. तू पण हसत नव्हतीस, हे मला फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

कागदाची भीती मला नवी नाही. आपल्या गावातली अर्धी म्हातारी माणसं एक जानेवारीला जन्मली आहेत. ज्यांना तारीख माहीत नव्हती त्यांना कार्ड काढणाऱ्यानं एकच वाटून दिली, आणि तेव्हापासून वाढदिवसाला कोण कोणाकडे जायचं हा प्रश्नच मिटला. माझा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही, मातीनं घासून गुळगुळीत झाला आहे. मशीन म्हणते ही बाई नाही. मी समोर उभी. दुकानदार बिचारा म्हणतो, कुंताबाई, तुमी मले दिसता, पन मशीनले दिसत नाई. मग बोट लुगड्याला पूस, दुसरं बोट लाव, असं करता करता एखाद्या बोटावर मी सापडते. म्हणून तू जेव्हा सांगितलंस की दूध आणायला जाताना पण खिशात कागद ठेवावे लागतात, तेव्हा मला नवल नाही वाटलं. फक्त एवढं मनात आलं, की मला मशीन नाही म्हणते तेव्हा मी पिशवी उचलून घरी येते. तुला नाही म्हटलं तर तुला कुठं नेतील?

इकडं गाणं गावच्या ग्रुपवर आलं. पहिल्या दिवशी साऱ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, कोणी म्हणे ग्रामपंचायतीसमोर तुझ्या फोटोचा फलक लावू. दुसऱ्या दिवशी कोणी लिहिलं की ज्या देशाचं खायचं त्यालाच नावं ठेवायची का, आणि फलकाचं नाव कोणी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी कवडूकाका आला. चहा घेतला, बशीभर चिवडा खाल्ला, कापसाचं बोलला, रानातल्या रोह्यांनी तूर खाल्ली ते बोलला, आणि उठता उठता म्हणाला, ‘काकू, पोट्टीले गानं काढून टाकाले सांगा. माह्या पियुषची मुलाखत हाये.’ पियुषला तिकडं शिकायला जायचं आहे ना, त्याचा शिक्का बाकी आहे. मी म्हटलं, अंकितानं गायलं त्यात पियुषचं काय? तर म्हणे दोघांच्याही कागदावर गाव एकच. रुचिकाच्या मांडवात याच गाण्यावर सगळ्यात जोरात हसला होता हा माणूस. पण मी त्याला टोचलं नाही. पियुष चांगला पोर आहे, त्याचं अडावं असं मलाही वाटत नाही. हे तू पण ध्यानात घे. मी सारं तुझ्याच बाजूनं बोलते असं नाही.

त्या दिवसापासून तुझ्या बापानं हाय खाल्ली. त्याला भित्रा तू म्हणू नको, म्हणायचं तर मी म्हणीन, तो माझा पोरगा आहे. लहानपणी त्याला विहिरीत डोकावता येत नसे, दोन हात लांब उभा राहून विचारायचा पाणी किती आहे. तुझ्या बाबतीत तसंच. तू कुठं उभी आहेस ते त्याला दिसत नाही, तो लांबून पुसतो आणि जे दिसत नाही ते जास्तच खोल वाटते. तो तुला म्हणाला, शिकाले पाठवलं होतं, गायाले नाई. तू म्हणालीस, गायला आजीनं शिकवलं, तुम्ही कुठं शिकवलं, आणि फोन कापलास. दोघंही खरं बोललात आणि पुष्कळ दिवस कोणी कोणाला फोन केला नाही. मग आबाजीची दम लागायची बातमी तुला कळली आणि तू स्वतःहून रोज फोन करायला लागलीस. तुझी आई तेव्हा देवाजवळ साखर ठेवून आली.

आबाजीचं म्हणशील तर आधी ते तुझ्या बापाच्याच बाजूचे होते. जन्मभर बाजारात कोणाशी तोंड केलं नाही, गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं तरी काही बोलायचे नाहीत. माझ्या तोंडाची तर लग्नापासून धास्ती. मी उखाणा घ्यायला उभी राहिले की त्यांचे कान आधीच लाल. तुझं गाणं ऐकून म्हणाले, पोरीनं नसती उठाठेव केली. दिवाळीनंतर खाटेवर पडले तेव्हा रोज सांजेला तुझ्या आईला म्हणायचे, लाव ते. ते म्हणजे गाणं. पूर्ण ऐकायचे, मग पुन्हा म्हणायचे नसती उठाठेव. दुसऱ्या दिवशी परत, लाव ते. तुझ्या आईनं एकदा मुद्दाम भजन लावलं, तर म्हणाले, हे नाही.

आता ते शेवटचं कडवं. तुझ्या ऑफिसातल्या एका भल्या बाईनं तुला सुचवलं, की ही लग्नातली थट्टा आहे तर पूर्ण गाणं दाखव. तू मला फोन करून विचारलंस, आजी, पुढं आणखी काही आहे का? आणि मी म्हटलं आठवून सांगते, मग दुसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणून टाळलं. मला सारं आठवत होतं. त्या गाण्याचा मानच त्या कडव्यात आहे.

हसलो बाई हसलो, रुसू नका व्याही,
तुमच्याबिगर मांडवाले शोभा काही नाही.

हे म्हणत म्हणत वाट सोडायची, व्याह्याच्या हातात गूळपाणी द्यायचं. हे म्हटलं नाही तर वरच्या साऱ्या शिव्या खऱ्या होऊन बसतात. फोनमध्ये जागा असती आणि तू हे तिथं म्हटलं असतंस, तर कोणी तक्रार केली नसती असंही असेल. मग मी सांगितलं काऊन नाही? मी त्या रात्रीच सांगणार होते. आधी आबाजीला म्हणून दाखवलं, म्हटलं हे पाठवते, पोरीचं काम होऊन जाईल. त्यांचा दम पुरत नव्हता. मग म्हणाले, ‘त्या भाजीवाल्या बाईले सोडलं काय त्यायनं?’ मी म्हटलं, काही कळलं नाही. ते म्हणाले, ‘मंग तू वाट काऊन सोडून राह्यली?’ जन्मभर कोणाशी न भांडलेला माणूस, आणि पहिल्यांदा बोलला तर माझ्याच गाण्यात चूक काढली. म्हणून मी ते पाठवलं नाही. आता ते कडवं इथं लिहून दिलं आहे, कारण हे सांगणारी आता गावात मीच उरले आहे. जवळ ठेव. रोसाबाई गाडीवर परत आलेली दिसली तर जोड. त्याआधी जोडायचं असेल तर तुझ्या जबाबदारीवर जोड, माझ्या नावावर नको.

आता अंकू, उभी असशील तर खाली बस. तुझे आबाजी मार्गशीर्षात गेले. दुपारी जेवणं झाली होती, मी मागे भांडी घासत होते, आत खोकला चालू होता तो थांबला, आणि मी जाऊन पाहिलं. त्रास झाला नाही, हे खरं आहे म्हणून सांगते, तुझ्या समाधानासाठी नाही. तेरवी होऊन गेली. कोणी गेलं की चौकात फलक लागतो आणि साऱ्यांच्या फोनवर फोटो फिरतो. तुझा बाप घरोघरी हात जोडून आला, की काही लावू नका, पोरीला कळेल, ती तशीच विमानात बसेल आणि मग परत जायचं दार बंद होईल. तेव्हा मलाही ते पटलं. माझं मोकळं कपाळ फोनच्या पडद्यावर तुला दिसू नये म्हणून तो कानाचा बहाणा. तो स्वतः फोनवर कानटोपी घालून बसतो आणि तू हसलीस, बाबा काश्मीरला निघाले का म्हणून. टोपीखाली डोकं भादरलेलं आहे. पण नंतर तू म्हणालीस, आबाजीसाठी गाणं काढते आणि येते, आणि तो तुला नको म्हणाला नाही. आबाजी वाट पाहतात, एवढंच म्हणाला. आता गाणं निघतंच आहे, तर एकदाची इथं आलीस की सुटलीस, असं त्याच्या मनात आहे. लबाडी त्याला जमत नाही, भीतीनं करतो आहे, पण मला ते बघवेना, म्हणून हे पत्र. गाणं पुसायचं तर तुला भीती वाटते म्हणून पूस, पियुषसाठी पूस, कंटाळलीस म्हणून पूस. ठेवायचं तर ठेव. यायचं तर आईला भेटायला ये, आणि नाही जमलं तर तीही सोसेल. लिहिता लिहिता ती दोनदा उठून आत गेली आहे, पण परत येऊन लिहिते आहे. फक्त जो माणूस नाही त्याला पाहायला मिळावं म्हणून काही देऊन बसू नको. आणि हे वाचलं की आधी तुझ्या बापाला फोन कर. भांडू नको. दर सांजेला तो तुझ्यासाठी त्याच्या बापाला जिवंत ठेवतो. आज भाकर खाल्ली, आज जरा बरं होतं, आत्ताच डोळा लागला, असं सारं जुळवून सांगतो, आणि फोन ठेवून गोठ्यात जाऊन बसतो. त्या भानगडीत त्याचं रडायचंच राहून गेलं आहे. त्याला म्हण, बाबा, मले माईत हाये. मग काही बोलू नको, फोन नुसता कानाला धरून ठेव.

तुझीच,
कुंताआजी